पंधरा सेकंदांचा प्रश्न

१९४१ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये यांनी उंदरांना प्रोजेस्टेरॉन टोचले आणि उंदीर झोपले. ‘ताण’ ही कल्पना वैद्यकात रुजवणारे ते हेच सेल्ये. मोठा डोस पोटाच्या पोकळीत गेला की काही मिनिटांत जनावर कलंडायचे, गाढ भूल दिल्यासारखे पडून राहायचे आणि काही वेळाने उठून पुन्हा हिंडू लागायचे. गर्भ टिकवणारे संप्रेरक भूल देते ही त्या काळी मौजेची नोंद ठरली. पुढे १९७० च्या दशकात स्टेरॉइडांच्या याच गुणावर बेतलेले अल्थेसिन हे भुलीचे औषधही शस्त्रक्रियागृहांत आले. ज्या द्रावकात ते मिसळत त्याची काही रोग्यांना तीव्र ॲलर्जी होई, म्हणून १९८४ मध्ये ते मागे घेतले गेले. पण हे सगळे इतक्या झटपट घडते कसे, असे संप्रेरकांच्या अभ्यासकांनी बराच काळ विचारले नाही. ज्या वर्षांत ते विचारायला हवे होते, नेमके त्याच वर्षांत स्टेरॉइडांच्या कामाचे दुसरे, फार देखणे उत्तर हाती येत होते आणि त्या उत्तरात मिनिटांना जागाच नव्हती.

आधी ते देखणे उत्तर. स्टेरॉइड संप्रेरके म्हणजे शरीराने कोलेस्टेरॉलपासून घडवलेले छोटे रेणू: अंडाशयातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, वृषणातले टेस्टोस्टेरॉन, मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींतली कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन. जिममध्ये चोरून घेतात ते आणि दम्याच्या पंपात असते ते, दोन्ही ‘स्टेरॉइड’ याच घराण्यातली. हे सगळे रेणू स्निग्धप्रेमी आहेत, आणि पेशीभोवतीचे पटलही स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचेच असते. फोडणीच्या तेलात हिंग मुरावा तसे स्टेरॉइड या पटलात मुरते आणि पलीकडे उतरते. इन्सुलिनला किंवा ॲड्रेनलिनला हे जमत नाही. त्यांना पटलात रोवलेल्या ग्राही प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, बाहेरूनच चिकटावे लागते. मग ते प्रथिन आतल्या बाजूला हालचाल सुरू करते. स्टेरॉइडला थेट आत शिरता येते, तर त्याच्यासाठी बाहेर ग्राही कशाला असेल? या तर्काने पुढची तीस-चाळीस वर्षे राज्य केले. तर्क सुटसुटीत आहे. फक्त ज्याला आत जाता येते तो वाटेत कुठे थांबतच नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इस्ट्रॅडायोलला ट्रिशियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, खूण लावली आणि ते वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना दिले. रक्ताबरोबर ते सगळीकडे फिरले, पण गर्भाशय आणि योनी यांनी ते धरून ठेवले. इतर ऊतींतून ते निघून गेले. शिवाय धरून ठेवलेला रेणू जसाच्या तसा होता. तोवरची समजूत अशी की इस्ट्रोजेन विकरांच्या रासायनिक क्रियेत स्वतः भाग घेते, त्यात त्याचे रूप पालटते आणि त्यातूनच परिणाम होतो. जेन्सन यांचे म्हणणे होते की तसे काही नाही, इस्ट्रोजेन एका प्रथिनाला नुसते चिकटते. १९५८ मध्ये व्हिएन्नाच्या जीवरसायन परिषदेत त्यांनी हे मांडले तेव्हा श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, गर्दी सगळी जुन्या समजुतीच्या सत्राला होती. ही हकिकत ते पुढे आवडीने सांगत. दोनच वर्षांनी उल्रिख क्लेव्हर आणि पीटर कार्लसन यांनी डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका कीटकाच्या अळीला एक्डायसोन टोचले. कीटकांना कात टाकायला लावणारे हे स्टेरॉइड. अळीच्या लाळग्रंथीतल्या महाकाय गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आले. फुगवटा आला म्हणजे त्या जागेचे जनुक वाचले जाऊ लागले. संप्रेरक जनुके जागी करते, हे सूक्ष्मदर्शकाखाली उघड दिसले.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर या ग्राहींची जनुकेच हाती लागली आणि चित्र पुरे झाले. संप्रेरक पेशीत शिरते, ग्राहीला चिकटते, ग्राहीची जोडी जमते, ती जोडी केंद्रकातल्या डीएनएवर नेमक्या जागी बसते, तिथले जनुक वाचले जाते, आरएनए बनतो, त्यावरून प्रथिन बनते आणि ते प्रथिन पेशीची वागणूक बदलते. २००४ चे लास्कर पारितोषिक जेन्सन, पिएर शांबाँ आणि रॉनल्ड एव्हान्स यांना या कामासाठी मिळाले, आणि ते त्यांचेच होते याबद्दल दुमत नाही. या पुस्तकातले एकही पान या चित्राला खोटे ठरवत नाही.

मात्र या साखळीला वेळ लागतो. जनुक वाचणारे विकर मिनिटाला दोन-तीन हजार अक्षरे पुढे सरकते. तीस हजार अक्षरांचे जनुक असेल तर नुसत्या वाचनालाच दहा-पंधरा मिनिटे गेली. मग आरएनएची काटछाट, त्याचे केंद्रकाबाहेर जाणे, प्रथिनाची जुळणी. परिणाम दिसायला तास, कित्येकदा दिवस. म्हणून एखादा परिणाम सेकंदांत किंवा दोन-चार मिनिटांत दिसला, तर तो या वाटेने आलेला नाही, एवढे घड्याळ लावूनच सांगता येते. या विषयातले सगळ्यात जुने उपकरण घड्याळ आहे, आणि माझ्या मते सगळ्यात विश्वासूही तेच.

हे घड्याळ १९६७ मध्ये क्लारा सेगो यांनी लावले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या आणि त्यांच्या सहकारी जून डेव्हिस यांनी अंडाशय काढलेल्या उंदीर-माद्यांना शिरेतून इस्ट्रॅडायोल दिले आणि लगोलग गर्भाशय काढून त्यातले सायक्लिक एएमपी मोजले. हा छोटा रेणू पेशीच्या आत निरोप्याचे काम करतो. ॲड्रेनलिनसारखी बाहेर थांबणारी संप्रेरके त्याचा उपयोग करतात, हे अर्ल सदरलंड यांनी दाखवून दिले होते. सेगो आणि डेव्हिस यांना तो १५ सेकंदांत जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. पंधरा सेकंदांत जनुकाचे पहिले पानसुद्धा वाचून होत नाही.

प्रतिसाद थंड होता. इतरांना हा आकडा सहजी मिळेना. कुणी म्हणाले, इस्ट्रोजेनमुळे प्राण्याच्या शरीरात ॲड्रेनलिन सुटत असेल आणि वाढ त्याची असेल. आक्षेप रास्त होता, कारण जिवंत प्राण्यात एका संप्रेरकाने दुसऱ्याला हलवणे ही रोजची गोष्ट आहे. १९७७ मध्ये सेगो आणि रिचर्ड पिएट्रास यांनी त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. नायलॉनच्या तंतूंवर इस्ट्रॅडायोल पक्के बांधले, म्हणजे ते पेशीत शिरूच शकणार नाही, आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या सुट्या पेशी त्यावर सोडल्या. पेशी तंतूंना चिकटल्या. इस्ट्रोजेन ओळखणारे काहीतरी पेशीच्या बाहेरच्या अंगाला आहे, असा त्याचा सरळ अर्थ. हा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला, तरीही पाठ्यपुस्तकांत एका ओळीची जागा मिळायला फार काळ जावा लागला. व्हिएन्नात जेन्सन यांच्या वाट्याला जे आले तेच जेन्सन यांच्या विजयानंतर सेगो यांच्या वाट्याला आले, आणि त्यांना ते किती तरी जास्त वर्षे सोसावे लागले.

दुसरा पुरावा बेडकांकडून आला, आणि तो मला अधिक भक्कम वाटतो. बेडकाचे अंडे परिपक्व होण्याआधी पेशीविभाजनाच्या मधल्याच टप्प्यावर थबकलेले असते. प्रोजेस्टेरॉन मिळाले की ते पुढे सरकते. योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी १९७१ मध्ये अंड्यातले केंद्रकच काढून टाकले आणि मग त्याला प्रोजेस्टेरॉन दिले. पेशीद्रव्यात परिपक्वता घडवणारा घटक तरीही तयार झाला. तो दुसऱ्या अंड्यात टोचला तर तेही परिपक्व झाले. ज्या केंद्रकात हे सारे घडते असे पाठ्यपुस्तक सांगत होते ते तिथे नव्हतेच. त्याच सुमारास असेही दिसले की प्रोजेस्टेरॉन अंड्याच्या बाहेरच्या पाण्यात असले तर काम करते, पण सुईने थेट आत सोडले तर करत नाही. हा प्रयोग मासुईंना पेशीविभाजनाच्या संशोधनात अजरामर करून गेला. संप्रेरकवाल्यांनी तो बेडकाची खासियत म्हणून बाजूला ठेवला. बेडूक तसा सरळ प्राणीही नाही: त्याच्या अंड्याला प्रोजेस्टेरॉनइतकेच पुरुषी संप्रेरकांनीही जागे करता येते, आणि नेमके कोणते प्रथिन हा निरोप घेते यावर अजून वाद आहेत.

शंकेखोरांची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण या क्षेत्रात कच्चे काम पुष्कळ झाले. पेशीत शिरू नये म्हणून इस्ट्रॅडायोलला अल्ब्युमिन या मोठ्या प्रथिनाशी जोडायची युक्ती सर्रास वापरली गेली. पुढे तपासल्यावर लक्षात आले की विकत मिळणाऱ्या या जोडणीत सुटे इस्ट्रॅडायोल बरेच मिसळलेले असते. म्हणजे बाहेरच थांबणारे म्हणून जे वापरले, त्यातले काही खुशाल आत जात होते. कित्येक प्रयोगांत संप्रेरकाचा डोस शरीरात कधीच नसतो इतका मोठा होता. पटल वेगळे काढताना पेशीच्या आतल्या ग्राहीची भेसळ होणे हेही नेहमीचे. ‘पटलावर ग्राही सापडला’ असे निबंध वाचून ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या, यात त्यांचा अहंकार जितका होता तितकाच प्रयोगशाळेतला अनुभवही होता.

कोंडी फुटली ती १९९९ मध्ये. कॅलिफोर्नियातच एलिस लेविन यांच्या गटाने ज्या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राही मुळीच नसतो अशा पेशी घेतल्या आणि त्यांत केंद्रकातल्या नेहमीच्या ग्राहीचे जनुक घातले. तयार झालेले बहुतेक प्रथिन अपेक्षेप्रमाणे केंद्रकात गेले, पण थोडा अंश पटलावर जाऊन बसला आणि इस्ट्रॅडायोल मिळताच तिथूनच निरोप धाडू लागला. एक जनुक, एक प्रथिन, दोन ठिकाणे. तीस वर्षे सगळे जण पटलावर कुणीतरी अनोळखी शोधत होते, आणि तिथे बसले होते जेन्सन यांचेच प्रथिन. नव्याच्या शोधात असलेल्यांनाही ते रुचले नाही आणि जुन्याच्या बाजूने उभे असलेल्यांनाही.

मग प्रश्न उरला, पाण्यात राहणारे हे प्रथिन स्निग्ध पटलाला धरून कसे राहते? उत्तर एका मेदाम्लात मिळाले. मानवी इस्ट्रोजेन ग्राही-अल्फा ५९५ अमिनो आम्लांचा आहे. त्यातल्या ४४७ व्या जागी सिस्टीन आहे. या सिस्टीनला पेशीतली विकरे पामिटिक आम्लाची सोळा कार्बनांची साखळी जोडतात. ती साखळी पटलाच्या स्निग्ध थरात रुतते आणि ग्राही तिथे अडकून राहतो. रोममध्ये मारिया मारिनो आणि सहकाऱ्यांनी आणि अमेरिकेत लेविन यांनी हे उलगडले. पेशीतल्या एकूण ग्राहीपैकी पटलावर असतो तो साधारण ५ ते १० टक्केच. सारखे वाटून दिलेले हे काम नव्हे. पण निरोप पाठवायला एवढे पुरते, कारण पटलाजवळ प्रत्येक पायरीवर निरोप अनेक पटींनी वाढत जातो.

हे पाहायचे तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात पाहावे. तिथल्या पेशींच्या पटलाला ५० ते १०० नॅनोमीटर रुंदीचे असंख्य खळगे असतात, त्यांना कॅव्हिओली म्हणतात. पामिटिक आम्ल लावलेला ग्राही या खळग्यांत जाऊन बसतो. शेजारीच जी-प्रथिने, सार्क हे विकर, पीआय-३-कायनेज हे विकर आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर, असे सगळे दाटीवाटीने असतात. इस्ट्रॅडायोल ग्राहीला चिकटते; ग्राही पीआय-३-कायनेजला कामाला लावतो; त्यातून एकेटी नावाचे विकर जागे होते; ते नायट्रिक ऑक्साइडच्या विकरावर ११७७ व्या जागी फॉस्फेटचा एक गट चिकटवते; विकर चालू होते. एकही जनुक वाचलेले नाही, एकही नवे प्रथिन बनलेले नाही. जे होते तेच हलले आहे. काही मिनिटांत नायट्रिक ऑक्साइड वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. या वायूच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. त्याच सुमारास डॅलसमध्ये फिलिप शॉल यांचा गट इस्ट्रोजेनचा त्याच्याशी असलेला हा संबंध जुळवत होता.

पेशीच्या भांड्यात दिसते ते शरीरात खरे असते का? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या लेविन यांच्या आणि फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे उंदीर तयार केले की ज्यांच्या इस्ट्रोजेन ग्राहीत ते एकच सिस्टीन बदलले होते. उंदरात त्याची जागा ४५१ वी. ग्राही पूर्ण शाबूत, केंद्रकात हजर, जनुके वाचायला समर्थ. फक्त पटलावर थांबण्याची सोय काढून घेतलेली. तुलूझच्या उंदरांत गर्भाशयाने इस्ट्रोजेनला नेहमीसारखा प्रतिसाद दिला. रक्तवाहिन्यांनी मात्र दिला नाही: नायट्रिक ऑक्साइडचे विकर जागे होईना आणि खरवडलेले अस्तर इस्ट्रोजेन देऊनही लवकर भरून येईना. आणि माद्या वांझ निघाल्या. एकच अमिनो आम्ल बदलले तर एवढे सगळे बिघडते. या प्रयोगानंतर पटलावरचा ग्राही ही प्रयोगशाळेतली भानगड आहे असे म्हणणे कठीण झाले.

जनुकांचा अडथळाच नाही असे ठिकाण शोधायचे तर माणसाच्या शुक्रपेशीइतके चांगले दुसरे नाही. तिच्या डोक्यातला डीएनए इतका घट्ट गुंडाळलेला असतो की त्यातले काही वाचण्याची सोयच नसते. तरीही १९८९-९० मध्ये दिसले की प्रोजेस्टेरॉन लागताच शुक्रपेशीत कॅल्शियम झपाट्याने शिरते. अंड्याभोवती जो पेशींचा घोळका असतो तो प्रोजेस्टेरॉन सोडतो, म्हणजे अंड्याजवळ पोचलेल्या शुक्रपेशीला ते भेटणारच. पण ते ओळखतो कोण? २०११ मध्ये पॉलिना लिश्को आणि युरी किरिचोक यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आणि बेंजामिन काउप यांच्या गटाने जर्मनीतल्या बॉनमध्ये दाखवले की शेपटीवरची कॅटस्पर ही कॅल्शियमवाहिनी सेकंद उलटायच्या आत उघडते. शुक्रपेशीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याची कला याच्या मुळाशी आहे. सतत वळवळणाऱ्या त्या सूक्ष्म पेशीला काचेच्या नळीच्या टोकाशी पकडून प्रवाह मोजायचा, हे कित्येक वर्षे कुणालाच साधले नव्हते.

२०१६ मध्ये लिश्को यांनी पुढचा दुवा दिला. पटलात एबीएचडी-२ नावाचे विकर असते. शुक्रपेशीच्या पटलातच, गांजातल्या रसायनाच्या नात्यातला, शरीराने स्वतः बनवलेला एक मेदरेणू असतो आणि तो कॅटस्परला बंद ठेवतो. प्रोजेस्टेरॉन एबीएचडी-२ ला चिकटले की ते विकर हा मेदरेणू तोडून टाकते. अडवणारा गेला, वाहिनी उघडली, कॅल्शियम आत आले, शेपटीचे फटकारे जोरकस झाले. संप्रेरक इथे कशालाही हुकूम देत नाही, फक्त आडकाठी दूर करवते. ज्या पुरुषांत कॅटस्परच सदोष असते ते वंध्य असतात. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी: छोट्या पांढऱ्या उंदराच्या कॅटस्परवर प्रोजेस्टेरॉनचा असा परिणाम होत नाही. उंदरावर सगळे काही ठरवू पाहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

वागणुकीपर्यंत हा वेग पोचतो का, याचे उत्तर ओरेगनच्या डबक्यांतून आले. तिथे खरबरीत कातडीचा न्यूट राहतो. बेडकाच्या दूरच्या भाऊबंदांतला, आणि कातडीत भयंकर विष बाळगणारा. नर मादीला मिठी घालतो आणि तासन् तास सोडत नाही. कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे स्टेरॉइड टोचले की दहा मिनिटांच्या आत त्याची ही इच्छा मावळते. फ्रँक मूर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये न्यूटच्या मेंदूतल्या पेशीपटलांवर या संप्रेरकाला घट्ट पकडणाऱ्या जागा मोजल्या, आणि जे स्टेरॉइड तिथे जितके घट्ट बसते तितके ते मिठी सोडवायला प्रभावी, असा मेळ दाखवला. साप समोर आला की प्रणयाचा विचार तासाभराने थांबवून चालत नाही, हे समजायला अर्थात प्रयोगाची गरज नव्हती. आपल्या शरीरातही कॉर्टिसोल साधारण तासातासाने झोतांनी सुटते. चढ-उतार इतके भरभर असतील तर ते वाचणारी यंत्रणाही भरभर चालणारी असणार.

सेल्ये यांच्या झोपलेल्या उंदरांचा उलगडा मात्र वेगळ्याच दिशेने झाला. मेंदूत प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन बनते. ते चेतापेशींच्या पटलावरच्या गाबा-ए ग्राहीला चिकटते आणि त्याचा शामक परिणाम वाढवते. हा ग्राही मुळात स्टेरॉइडचा नव्हेच, गाबा या चेतासंदेशकाचा आहे. डोरोटा मायेव्स्का आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये स्टेरॉइड त्यावर बार्बिच्युरेटसारखे काम करते असे दाखवले. बाळंतपणानंतर हा रेणू झपाट्याने खाली येतो, आणि बाळंतिणीच्या नैराश्याशी त्याचा संबंध असावा या विचारातून ब्रेक्सॅनोलोन हे औषध निघाले. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते सलग ६० तास शिरेतून द्यावे लागे. २०२३ मध्ये झुरानोलोन या गोळीची सोय झाली. तेव्हा झटपट परिणाम करणारी स्टेरॉइडे हे निव्वळ प्रयोगशाळेतले कुतूहल आहे, असे आता मानसोपचारतज्ज्ञाला सांगून पाहावे.

या पुस्तकात एका ग्राहीबद्दल मी जरा हात राखून लिहिले आहे. जीपीआर-३०, हल्लीचे नाव जीपर. २००० मध्ये एडवर्ड फिलार्दो यांनी त्याचा इस्ट्रोजेनशी संबंध जोडला. २००५ मध्ये चेतना रेवणकर, एरिक प्रॉसनिट्झ आणि सहकाऱ्यांनी तो इस्ट्रोजेन ओळखतो आणि पेशीच्या आतल्या जाळ्यात, अंतर्द्रव्यजालिकेत, असतो असे दाखवले. त्याच वर्षी टेक्सासच्या पीटर थॉमस यांच्या गटाने तो बाहेरच्या पटलावर दाखवला. थॉमस यांनीच आधी, २००३ मध्ये, एका माशाच्या अंडाशयातून प्रोजेस्टेरॉनचा पटलग्राही शोधला होता. जीपर नसलेले उंदीर प्रजननक्षम असतात. इस्ट्रोजेनचा नेहमीचा ग्राही नसलेले नसतात. म्हणून जीपरला इस्ट्रोजेनचा ‘तिसरा ग्राही’ म्हणायला अनेकजण कचरतात. माझे मत त्यांच्या बाजूला झुकते. पण स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन नेहमीच्या ग्राहीला अडवते आणि जीपरला उलट चेतवते, ही गोष्ट ज्याच्या रोग्यांवर औषध चालेनासे झाले आहे त्या डॉक्टरला दुर्लक्षून चालणार नाही.

हे सगळे वाचून संथ आणि शीघ्र अशा दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत असा समज होईल, तो होऊ नये म्हणून एक प्रयोग इथेच सांगतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात नंदिनी वासुदेवन, डोनाल्ड फाफ आणि सहकाऱ्यांनी चेतापेशींना आधी थोडा वेळ फक्त पटलावर थांबणारे इस्ट्रोजेन दिले, आणि काही तासांनी आत शिरणारे. पहिला हप्ता मिळालेल्या पेशींत दुसऱ्या हप्त्याने जनुके जास्त जोराने वाचली गेली. पुढे उंदीर-माद्यांच्या समागमाच्या वागणुकीतही असाच क्रम कामाला आलेला दिसला. पटलावरचा निरोप केंद्रकातल्या ग्राहीवर आणि त्याच्या साथीदारांवर फॉस्फेटचे गट चढवतो आणि त्यांना तयारीत ठेवतो. ‘जनुकांमार्फत की जनुकांविना’ असा जो वाद पन्नास वर्षे चालला, त्यात दोन्ही पक्षांनी एकाच पेशीचे दोन तुकडे केले, असे मला वाटते.

वनस्पतींनी तर हा वाद होऊच दिलेला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी मधमाश्यांनी गोळा केलेल्या रेपच्या, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या पिकाच्या, २२७ किलो परागांतून ४ मिलिग्रॅम ब्रासिनोलाइड वेगळे केले. हे वनस्पतीचे स्टेरॉइड. प्राण्यांसारखे केंद्रकात राहणारे स्टेरॉइड ग्राही वनस्पतींत नाहीतच. १९९७ मध्ये जियानमिंग ली आणि जोॲन चोरी यांनी दाखवले की ब्रासिनोलाइडचा ग्राही, बीआरआय-१, पेशीच्या पटलात रोवलेला आहे. तो बिघडला तर रोप खुजे राहते. निरोप तिथून सुरू होतो आणि पायऱ्या उतरत अखेर केंद्रकातल्या जनुकांपर्यंतच पोचतो. नाशिक आणि सांगलीकडच्या द्राक्षबागांत मण्यांच्या फुगवणीसाठी जीएबरोबर, म्हणजे जिबरेलिक आम्लाबरोबर, होमोब्रासिनोलाइड वापरणाऱ्या बागायतदाराने घड डिपिंगच्या डब्यात बुडवला की तो नेमक्या याच पटलावरच्या ग्राहीशी बोलत असतो.

औषधांच्या बाजूने आशा अशी आहे की दोन ठिकाणचे काम वेगळे करता यावे. डॅलसच्या शॉल यांनी आणि इलिनॉयच्या कात्झेनेलेनबोगेन दांपत्याने इस्ट्रोजेनला केंद्रकात न शिरणाऱ्या मोठ्या, फांद्याफांद्यांच्या रेणूवर बसवले. २०१० मध्ये उंदरांवर दिसले की त्याने रक्तवाहिनीचे अस्तर दुरुस्त होते, पण गर्भाशय वाढत नाही आणि स्तनाच्या कर्करोगाची गाठही वाढत नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घ्यावे की न घ्यावे या कात्रीत सापडलेल्या स्त्रियांना अशा औषधाचा उपयोग व्हावा असे कुणालाही वाटेल. पण शुक्रपेशीच्या बाबतीत उंदीर आणि माणूस कसे वेगळे निघाले ते वर आलेच आहे.

प्रकरणे कालक्रमाने लावलेली नाहीत. रेणूंची नावे पाहून ज्याला धडकी भरते त्याने शुक्रपेशीचे प्रकरण आधी वाचावे. त्यात नावे कमी आणि हालचाल जास्त आहे. डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनच्या प्रकरणाची घाई असेल, तर त्यांनी निदान जीपरची दहा पाने तरी आधी चाळावीत. रक्तवाहिन्यांचे प्रकरण मात्र पामिटिक आम्लाच्या प्रकरणाआधी वाचू नये, कारण त्यात सिस्टीन ४४७ पहिल्याच परिच्छेदात ओळख न करून देता येतो.